मागितलेला आकडा, मोजलेला आकडा

प्रयोगशाळेतील उपकरणांशी संगणकाने कसे बोलावे, यासाठी एक ठरलेली भाषा आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचे उपकरण आपापली बोली बोलत असे आणि एक उपकरण बदलले की सगळी आज्ञावली नव्याने लिहावी लागे. हा त्रास वाचावा म्हणून १९९० साली उपकरणनिर्मात्यांनी एकत्र येऊन ही भाषा निश्चित केली. तिचे व्याकरण मोठे सुटसुटीत आहे. एखादा शब्द आणि त्यापुढे आकडा पाठवला की ती आज्ञा होते. त्याच शब्दापुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह ठेवले की तो प्रश्न होतो. ठरावीक वारंवारतेच्या विद्युत् लहरी निर्माण करणारे सिंथेसायझर नावाचे एक उपकरण असते. त्याला आज्ञा द्यावी की वारंवारता १० मेगाहर्ट्झ ठेव, म्हणजे सेकंदाला एक कोटी आंदोलने होऊ देत. मग प्रश्न विचारावा की वारंवारता किती? उत्तर येते, एक कोटी. विद्यार्थी निश्चिंत होतो आणि वहीत टिपून ठेवतो.

पण उपकरणाने हे उत्तर कोठून आणले? आपल्या मुखातून बाहेर पडणारी लहर त्याने मोजली काय? सर्वसाधारणपणे नाही. त्याने आपल्या स्मृतीत पाहिले, मघाशी सांगितलेला आकडा तेथे होता, तो परत दिला. "तू काय करतो आहेस?" असे आपण विचारले आणि "मला काय करायला सांगितले होते" याचे उत्तर आपल्याला मिळाले. हे उत्तर खोटे आहे काय? खोटे म्हणावे तर उपकरणाने कोणतीही चुकीची गोष्ट सांगितलेली नाही. खरे म्हणावे तर ज्याविषयी प्रश्न होता, त्याविषयी त्याने चकार शब्द काढलेला नाही. सत्य आणि असत्य यांच्या मधल्या या पट्ट्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे, कारण माझ्या मते आजच्या काळातील फसगतीचा मोठा भाग या पट्ट्यातच घडतो.

ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य काढले त्यांना हा प्रकार अगदीच परका वाटणार नाही. आमच्याकडे त्याला अनुपालन अहवाल म्हणत. वरून आदेश येई की अमुक कार्यवाही करून अहवाल सादर करावा. खालून अहवाल येई की आदेशानुसार कार्यवाही करण्यात आली आहे. कित्येकदा अहवालातील वाक्ये आदेशातीलच असत, फक्त क्रियापदाचा काळ बदललेला असे. हातपंपांच्या एका तक्त्यात मंजूर हातपंप आणि चालू हातपंप असे दोन रकाने होते आणि पानामागून पान दोन्ही रकान्यांत एकच संख्या होती. उन्हाळा ऐन भरात होता. एवढ्या जिल्ह्यात एकही हातपंप बिघडलेला नसावा, हे त्या तक्त्यावर सही करणाऱ्या कोणालाही पटले असेल असे वाटत नाही. पण त्यांतला प्रत्येक जण शपथेवर सांगू शकला असता की मी खोटे लिहिलेले नाही, मला जे कळवण्यात आले ते मी पुढे कळवले. असो. यंत्राकडे वळू.

ऑसिलेटर, म्हणजे आंदोलक, हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया. आपल्या मनगटी घड्याळात क्वार्ट्झची एक चिमुकली कांडी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात, म्हणून ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद हाती येतो. प्रयोगशाळेतही बहुधा क्वार्ट्झच असते, पण अधिक जपलेले; तापमानाने त्याची चाल बदलू नये म्हणून ते एका लहानशा उबदार पेटीत ठेवतात. बहुतेक प्रयोगशाळांत अशा एका आंदोलकाची १० मेगाहर्ट्झची लहर केबलमधून सर्व उपकरणांना पुरवली जाते. तिला रेफरन्स म्हणतात. आपण तिला आधारलहर म्हणू. सिंथेसायझर स्वतः काळ जाणत नाही. तो या आधारलहरीवरून हव्या त्या वारंवारतेची लहर तयार करून देतो.

हे तो दोन रीतींनी करतो. एका रीतीत त्याच्या पोटात एक दुय्यम आंदोलक असतो. त्याची लहर ठरावीक संख्येने भागून आधारलहरीशी ताडून पाहिली जाते. पुढे-मागे होत असेल तर त्याला हलकासा धक्का देऊन पुन्हा जागेवर आणले जाते. दोन्हींची पावले जुळली की 'लॉक' असा दिवा लागतो. दुसरी रीत निव्वळ मोजणीची आहे. आधारघड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला उपकरण एका मोठ्या चक्रात ठरावीक पावले पुढे सरकते आणि चक्र पूर्ण झाले की एक आंदोलन झाले असे धरते. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात हे चक्र दोनच्या बत्तिसाव्या घाताइतके, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पावलांचे असते आणि आधारघड्याळाचे ठोके सेकंदाला शंभर कोटी.

आता या उपकरणाकडे १० मेगाहर्ट्झ मागा. हिशेब केला तर प्रत्येक ठोक्याला ४,२९,४९,६७२.९६ पावले टाकावी लागतात. पाऊण-एक पाऊल टाकण्याची सोय यंत्रात नाही, म्हणून सॉफ्टवेअर ही संख्या ४,२९,४९,६७३ अशी पूर्ण करून पाठवते आणि बाहेर पडणारी लहर एक कोटी हर्ट्झची न राहता एक कोटी आणि सुमारे ०.००९३ हर्ट्झची होते. पडद्यावर मात्र १०.००० मेगाहर्ट्झ दिसत राहते. हा फरक नगण्य आहे असे म्हणणारा बहुतेक वेळा बरोबरच ठरेल. तरी शेजारी खरोखरच एक कोटीची लहर देणारे दुसरे उपकरण असेल, तर दोघांची पावले जुळवून सुरुवात केल्यावर १०७ सेकंदांत त्यांच्यात एका पूर्ण आंदोलनाचे अंतर पडते. दोन्ही पडद्यांवर आकडा एकच. चांगले लिहिलेले सॉफ्टवेअर असे करते की मागितलेला आकडा जसाच्या तसा न दाखवता, पूर्णांक केल्यावर प्रत्यक्षात जो निघतो तो दाखवते. यात कौशल्य फारसे नाही, दोन ओळींचा हिशेब आहे. पण ज्याने तो लिहिला त्याची नियत त्यात दिसते, असे मला वाटते.

तरीही हा आकडासुद्धा मोजलेला नव्हेच. कारण त्या हिशेबात आधारघड्याळाचे ठोके शंभर कोटी धरले आहेत आणि ते तसे आहेत हे उपकरणाला कोणी सांगितले? सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना एका फाइलमध्ये कोणीतरी ती संख्या हाताने लिहिली, तेव्हा तिच्यासमोर आधारलहर 'आतली' की 'बाहेरची' हेही लिहिले. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत जितक्या वारंवारता दाखवल्या गेल्या, त्या सगळ्या त्या एका नोंदीच्या भरवशावर. लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेलेला असतो. आपल्या दर्शनांच्या परिभाषेत बोलायचे तर प्रत्यक्षाच्या थाटात मांडलेली ही सर्व माहिती मुळात शब्दप्रमाणावर उभी आहे आणि ज्याचा शब्द, तो आप्त कोण हे कोणालाच ठाऊक नाही.

आता सर्व उपकरणांना एकच आधारलहर का देतात, हेही पाहिले पाहिजे. त्यात गैर काहीच नाही. गायक, हार्मोनियमवाला आणि सारंगिया एकाच तंबोऱ्याशी स्वर मिळवतात. गायकाने लावलेला षड्ज 'बरोबर' आहे की नाही, असा प्रश्न मैफिलीत कोणी विचारीत नाही. काळी एक असो की पांढरी चार, सगळे त्याच्याशी जुळले म्हणजे झाले. प्रयोगशाळेतही पुष्कळ कामे अशी असतात की त्यांत उपकरणांचा आपसातला मेळच महत्त्वाचा असतो. त्यांना एकाच आधाराशी बांधणे हीच तेथे शहाणपणाची गोष्ट. पण ज्या क्षणी प्रयोगशाळा जगाला एखादी संख्या सांगू पाहते, त्या क्षणी तंबोऱ्याचा दाखला लंगडा पडतो. तेथे मग हाच मेळ एक विलक्षण अडचण निर्माण करतो. समजा, शंका येऊन आपण सिंथेसायझरच्या तोंडाशी वारंवारता मोजणारे उपकरण जोडले. शिस्तीची प्रयोगशाळा असल्यामुळे त्या मोजणाऱ्या उपकरणालाही तीच आधारलहर दिलेली आहे. आधारलहर दहा लाखांत पाच भागांनी चुकत असेल, तर लहर तेवढीच चुकेल आणि तिला मोजणारी पट्टीही तेवढीच चुकेल. मोजमाप बिनचूक दिसेल. जितकी शिस्त अधिक, तितका दोष पूर्णपणे झाकला जाईल. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरात राहतात आणि एकाच घड्याळावर उठतात. मग जबान्या जुळल्या यात नवल ते काय?

माझी भाची परमाणूंवर प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. रुबिडियमच्या परमाणूंना ६,८३४.६८ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दिली की ते एका अवस्थेतून दुसरीत जातात. नेमक्या कोणत्या वारंवारतेला जातात हे पाहण्याचे त्यांचे काम. एकदा ही जागा काहीशे हर्ट्झनी सरकलेली दिसू लागली. परमाणूंच्या बाबतीत चुंबकीय क्षेत्राने असे सरकणे होते, म्हणून सर्वांचा संशय त्यावरच गेला. तारांची वेटोळी तपासली, लोखंडी स्टुले खोलीबाहेर काढली, एवढेच काय पण लिफ्टच्या वेळासुद्धा टिपून ठेवल्या. तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी लक्षात आले की उपकरणाच्या मागच्या बाजूची आधारलहरीची केबल शेजारच्या टेबलावरच्या कामासाठी कोणीतरी काढून नेली आहे. उपकरण सौजन्यशील होते. बाहेरचा आधार नाहीसा झाल्यावर काम बंद न पाडता त्याने गुपचूप आपल्या आतल्या क्वार्ट्झवर काम सुरू ठेवले. फाइलमध्ये 'बाहेरची' असे लिहिलेले होते, पडद्यावरही तेच. आधार बदलल्याची नोंद उपकरणापाशी होती. विचारले असते तर त्याने सांगितलेही असते. पण तो प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये कोणी लिहिलेलाच नव्हता. मी तिला विचारले की यात दोष कोणाचा? ती म्हणाली, "मामा, केबल काढणाऱ्याने विचारले होते की ही वापरात आहे का. पडद्यावर सगळे हिरवे होते, म्हणून आम्ही म्हटले, ने."

या प्रसंगाने मला मीमांसक आणि नैयायिक यांच्या जुन्या वादाची आठवण झाली. मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान हे स्वतःप्रमाण असते. ते झाले की ते खरे धरावे. त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान पुढे आले, किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातच दोष आढळला, तरच ते सोडावे. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञानाचे खरेपण त्याच्याबाहेरून कळते. समोर पाणी दिसले एवढ्याने ते पाणी ठरत नाही, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते पाणी, नाहीतर मृगजळ. यावर मीमांसक विचारतो की तहान भागल्याचे ज्ञान तरी खरे कशावरून? त्याला आणखी एक प्रमाण, त्याला आणखी एक. ही अनवस्था कोठे थांबणार?

उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहिणारे जवळजवळ सगळे मीमांसक असतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. प्रत्येक आकड्यावर संशय घेत बसले तर कोणताही प्रयोग कधीच सुरू व्हायचा नाही. चूक झाल्याची सूचना आली नाही, तोवर पुढे चालावे, हे व्यवहाराला धरून आहे. पण मीमांसकांच्या या भूमिकेत एक अट गृहीत आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बाधक ज्ञान पुढे आले नाही, याला तेव्हाच काही किंमत आहे, जेव्हा ते असते तर पुढे येऊ शकले असते. ज्या घरात तक्रार करण्याची सोयच नाही, तेथे तक्रार नाही याचा अर्थ काहीच होत नाही. केबल निघाल्याची विचारपूस सॉफ्टवेअरने कधी केलीच नव्हती; तेव्हा पडद्यावरचा हिरवा रंग हा दोष नसल्याचा पुरावा नव्हता, तो प्रश्न विचारला नसल्याचा पुरावा होता. माझा आग्रह आहे तो एवढाच की यंत्रणा उभारणाऱ्याने बाधकाला येण्यासाठी एक दार उघडे ठेवले पाहिजे, आणि ते ठेवणे ही तांत्रिक सोय नसून नैतिक जबाबदारी आहे. कारण त्या पडद्यावर विसंबणारे पुढचे लोक त्याला कधीच भेटणार नसतात.

नैयायिकाची बाजू समजून घ्यायची तर आपल्या इंदूरकरांना दूर जायला नको. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हे यंत्र आहे. त्याच्या १७२.४७ मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांना ५०५.८ मेगाहर्ट्झच्या लहरी ढकलत राहतात. एका फेरीत या लहरीची बरोबर २९१ आंदोलने बसतात. इलेक्ट्रॉनांचा वेग आणखी वाढायला जागा नाही. म्हणून वारंवारता वाढली की त्यांना आपला मार्ग तेवढा आखूड करावा लागतो. एक हजार हर्ट्झचा, म्हणजे दहा लाखांत दोन भागांचा फरक पडला, तर परिघात मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश एवढा फरक पडतो आणि झोताची जागा दाखवणारी साधने तो टिपू शकतात. इलेक्ट्रॉनांना पडद्यावरचा आकडा वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत जी लहर पोहोचली तिच्याप्रमाणेच ते वागतात. रुबिडियमचे परमाणूही असेच. भाचीच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून खरे सांगत होते ते एकटे तेच, आणि तीन आठवडे त्यांचीच उलटतपासणी चालली होती.

या संदर्भात २०११ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा ती वर्तमानपत्रांतूनही गाजली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण सुमारे ७३० किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीतील ग्रान सास्सो येथील भूमिगत प्रयोगशाळेत पोहोचतात. तेथील 'ओपेरा' प्रयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले की हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी येत आहेत. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आइन्स्टाइनचा सिद्धान्त डळमळला अशी हवा उठली. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन दोष उघडकीस आले. बाह्य घड्याळाची खूण आत आणणाऱ्या प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. आणि मुख्य घड्याळातील आंदोलक नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर चालत होता. यांतली गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही खरी, अशी की दोन्ही दोष परस्परविरुद्ध दिशेचे होते. जोडणीमुळे प्रवासाचा काळ कमी भासत होता, आंदोलकामुळे जास्त. केवळ आंदोलकाचा दोष सापडून थांबले असते, तर न्यूट्रिनो आणखीच वेगवान ठरले असते!

दोष खरोखर केव्हापासून होता, हे कशावरून ठरले ते अधिक बोलके आहे. त्याच भूमिगत प्रयोगशाळेत सुमारे १६० मीटरवर 'एलव्हीडी' हा दुसराच प्रयोग चालू होता. त्याच्या आतली कालनोंदणीची व्यवस्था ओपेरापेक्षा वेगळी होती. डोंगरातून आडवे येणारे काही म्युऑन कण दोन्ही यंत्रांतून आरपार जात. अशा कणांच्या दोन्हीकडच्या वेळा ताडून पाहिल्यावर दिसले की २००८ च्या मध्यापासून २०११ च्या अखेरपर्यंत ओपेराची नोंद सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेली होती. शेजाऱ्याचे घड्याळ, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी लावलेले, साक्षीला आले. त्याच प्रयोगशाळेतील 'इकॅरस' प्रयोगानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळत असल्याचे २०१२ मध्ये दाखवले. ओपेराच्या प्रमुखांनी मार्च २०१२ मध्ये पद सोडले. त्या मंडळींना त्या वेळी पुष्कळ हिणवले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. आपल्याला न पटणारे उत्तर हाती आले असता त्यांनी ते दडपले नाही आणि जगाला सांगताना 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' या भूमिकेतून सांगितले. बाधकासाठी दार उघडे ठेवणे ते हेच. उणीव राहिली ती अशी की त्या तंतूचा विलंब पूर्वी एकदा मोजला होता, आणि मोजलेल्या गोष्टीचे कालांतराने मानलेल्या गोष्टीत रूपांतर झाले होते. मोजमापालाही वय असते, हे आपण विसरतो.

आता राहिला तो अनवस्थेचा प्रश्न. घड्याळाला घड्याळ, त्यालाही घड्याळ, मग शेवटचे कोणते? आपल्याकडच्या घटिकापात्राच्या बाबतीत जुन्या ग्रंथकारांनी तांब्याचे वजन, पात्राची उंची, छिद्राचे माप असे सारे नेमून दिलेले आढळते. म्हणजे सांगितल्याप्रमाणे पात्र घडवा, ते एका घटिकेत बुडेल. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त, म्हणजे ११५० मध्ये, वेगळीच रीत सांगितली. पात्र आणि छिद्र कसेही असो. ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने साठ घटिकांना भागा, म्हणजे ते पात्र किती घटिकांचे ते कळेल. घडवताना काय सांगितले होते हे न विचारता ते काय करते हे पाहा आणि ते सूर्याशी ताडून पाहा, असा हा दृष्टिकोन आहे. त्याच भास्कराचार्यांच्या नावाने लीलावतीची आख्यायिका सांगतात, घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजल्याची आणि मुहूर्त टळल्याची. ती इतिहास म्हणून कोणी मानू नये. पण ज्याने ती रचली त्याला आधारघड्याळाच्या मुक्या बिघाडाची भीती नेमकी कळलेली होती, यात शंका नाही.

आज सूर्याची जागा सिझियमच्या परमाणूने घेतली आहे. १९६७ पासून सेकंद म्हणजे त्या परमाणूच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने. पण व्याख्या झाली म्हणून घड्याळ झाले नाही. प्रत्यक्षात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या जगातील ८० हून अधिक प्रयोगशाळा आपापली परमाणू घड्याळे चालवतात, त्यांची एकमेकांशी तुलना होते आणि पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालय त्या सर्वांतून एक भारित सरासरी काढते. ज्या घड्याळाच्या चालीचे भाकीत करता येते त्याचे वजन अधिक. नेहमी सारखेच चुकणारे घड्याळ तेथे चालते, लहरी घड्याळ चालत नाही. शिवाय कोणाही एकाच्या वजनाला वरची मर्यादा घातलेली आहे. निकाल दर महिन्याला एका पत्रकाने कळवला जातो, आणि त्यात मागच्या महिन्यात प्रत्येक प्रयोगशाळेचा काळ जागतिक काळापासून किती दूर होता ते नॅनोसेकंदांत दिलेले असते. म्हणजे या क्षणी जगाचा प्रमाणकाळ नेमका किती, हे या क्षणी कोणतेच घड्याळ सांगू शकत नाही. ते पुढच्या महिन्यात कागदावर कळते. अनवस्था येथे कोणा अंतिम प्रमाणापाशी थांबत नाही. अनेक जण एकमेकांना तपासू देतात आणि आपला दोष छापून घेतात, म्हणून ती सुसह्य होते.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवेचन करताना पाहिलेले, अनुमानलेले आणि ऐकलेले असा तिन्हींचा निर्देश आहे आणि वाणीने ते तसतसेच पोहोचवावे अशी अपेक्षा आहे. सत्य बोलणे म्हणजे नुसते न चुकणे नसून, ही माहिती माझ्याकडे कोणत्या वाटेने आली हेही न लपवणे, असा अर्थ मी त्यातून घेतो. ऐकलेले पाहिल्यासारखे सांगणे हा सत्याचा भंगच, मग ऐकलेले योगायोगाने खरे निघाले तरीसुद्धा. पडद्यावरच्या आकड्याने हाच भंग होतो. मागितलेला, हिशेबाने निघालेला आणि मोजलेला, असे तिन्ही आकडे एकाच चौकोनात, एकाच टाइपात, सारख्याच दशांशांनिशी उमटतात.

भाचीच्या प्रयोगशाळेने आता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वारंवारतेसाठी तीन रकाने केले आहेत: मागितलेली, उपकरणाने सांगितलेली आणि स्वतंत्र आधारावर चालणाऱ्या उपकरणाने मोजलेली, शेवटचीसमोर मोजल्याची तारीख. आधारलहर तुटली की उपकरणाने काम थांबवावे, अशीही आज्ञा त्यात आहे. तिच्या सहकाऱ्यांत सध्या वाद चालू आहे तो तिसऱ्या रकान्यावरून. तो बहुधा रिकामाच राहतो, कारण रोज मोजायला वेळ नसतो. एका पक्षाचे म्हणणे असे की हा रकाना भरल्याशिवाय प्रयोग सुरूच होऊ देऊ नये. भाचीने माझे मत विचारले. मी म्हटले, ही सक्ती करू नका. सक्ती केली की घाईच्या दिवशी कोणीतरी पहिल्या रकान्यातला आकडा तिसऱ्यात उतरवील, आणि मग तो तक्ता मी पूर्वी पुष्कळ पाहिलेल्या तक्त्यांसारखा दिसू लागेल. रिकामा ठेवायची मुभा असू द्या, तारीख मात्र जुनी असेल तर ती ठळक दिसू द्या. तिला हे पूर्णपणे पटलेले नाही. तिच्या मते रिकाम्या रकान्याची सवय होते आणि मग तो कोणाला दिसेनासा होतो.